भिंतीवरचा संगणक

वडूजच्या आमच्या टायपिंगच्या मास्तरांच्या खांद्यावर कायम एक पंचा असे. तो घाम पुसण्यासाठी नव्हता. शिकणारा चाव्यांकडे बघतोय असं दिसलं की मास्तर पंचा त्याच्या हातांवर टाकत. "बोटांना डोळं असत्यात गड्या. तुजं कागदावर ठेव." समोरच्या भिंतीवर त्यांनी रज्जाक पेंटरकडून खाटेएवढा कीबोर्ड रंगवून घेतला होता. अडलंच तर तिकडे बघायचं, हातांकडे नाही.

नव्वदीच्या मध्यावर मास्तरांच्या टायपिंग संस्थेत एक संगणक आला. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी त्याला हार घातला आणि एकविसाव्या शतकावर पाऊण तास भाषण केलं. संगणक सुरू करायचं तेवढं राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत चपला काढून जायचा नियम झाला. मास्तर म्हणाले, "द्येव कुठला हाय ते अजून ठावं न्हाई. पर काढा चपला."

संगणक एक आणि आम्ही बावीस. मास्तरांनी रज्जाकभाईंना पुन्हा बोलावलं आणि कीबोर्डशेजारी विंडोजचा पडदा रंगवून घेतला. चौकटी, त्यांत लहान लहान चित्रं, एक पांढरा बाण. आम्ही ओळीने जाऊन छडीने चित्रावर टकटक करायचो. दोनदा टकटक केली की ते उघडलं असं समजायचं. आत काय दिसतं ते मास्तर तोंडी सांगत.

मग वरून पत्र आलं. संगणक शिकवायचा तर मास्तरांनी स्वतः साताऱ्याला परीक्षा द्यायची. नापास झाले तर वर्ग बंद. नुसत्या टायपिंगला तेव्हा चारसुद्धा पोरं येत नव्हती, म्हणजे संस्थेलाच कुलूप. सत्तावन्नाव्या वर्षी मास्तर महिनाभर छडी घेऊन भिंतीपुढे उभे राहिले.

साताऱ्याला मास्तरांच्या परीक्षेच्याच दिवशी माझीही परीक्षा होती, शेजारच्याच खुर्चीवर. पडदा उजळला आणि आमची भिंत त्यात कुठेच नव्हती. नवी विंडोज आली होती. चौकटी गायब, सगळं मोकळं माळरान आणि तळाला एक राखी पट्टी. टाय लावलेला परीक्षक म्हणाला, "नवीन आहे काका, पण एकदम सोपं. माउस फिरवा, सापडेल."

मास्तरांनी थोडा वेळ माउस फिरवला. सापडलं काहीच नाही. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माउसवर टाकला.

"अहो, हे काय?"

"हाताला भटकायची सवय लागंल."

जुन्या विंडोजमध्ये उघड्या कामांची यादी दाखवणाऱ्या दोन चाव्या होत्या. मास्तरांनी डोळे मिटून त्याच दाबल्या. तळातून एक यादी वर आली. निराळीच होती, पण यादी होती. बाणाच्या चावीने एकेक पायरी चढत त्यांनी लिहायचा कागद उघडला आणि नजर प्रश्नपत्रिकेवर ठेवून सगळं पत्र टाइप केलं. मी बघून तेच केलं. शेवटी परीक्षकाने हळूच विचारलं, "काका, कुठल्या दोन चाव्या दाबल्यात?"

मास्तर पास झाले. निकाल कळला त्या दिवशी रज्जाकभाई रंगाचे डबे घेऊनच आले. "नवा पडदा काढू का मास्तर?"

"नगं. नुसता काळा रंग फासा. ह्येचं त्वांड सारखं बदलणार. आपून खडूनं काढू."

"आन् कीबोर्ड?"

"त्येला हात लावू नगा."

पुढे प्रत्येक नव्या विंडोजला मास्तर ओल्या पंच्याने जुनं चित्र पुसत आणि नवं काढत. कुरकुर नाही, कौतुकही नाही.

आता मास्तर नाहीत. माझ्या कचेरीत पडद्याचं रूप बदललं की कुणी हरखतं, कुणी आठवडाभर शिव्या घालतं. मी खिशातला रुमाल माउसवर टाकतो आणि त्या दोन चाव्या दाबतो. यादी अजून येते.