वेगवान गाडीच्या बाजूनं बोलताना

म्हैसूर-बेंगळूर बुलेट ट्रेन व्हावी की नाही, या वादात मी सहा वर्षं एकाच बाजूनं बोललो. व्हावी. म्हैसुरातल्या मेटगळ्ळीच्या ज्या कारखान्यात मी मशीनचे भाग मोजून पास-नापास करतो, तिथल्या कँटीनमध्ये बोललो, नात्यातल्या लग्नांत बोललो. खरं तर मी बोलणारा माणूस नव्हे. पाहुणे आले तर मी नमस्कार करतो, खुर्ची देतो आणि आत जातो. पण हा विषय निघाला की मी थांबायचो.

लोक म्हणायचे, एवढा पैसा ओतून काय मिळणार, सहापदरी रस्ता आहे, तासातासाला गाड्या आहेत. मग मी आईचं सांगायचो. आई सकाळी गेली. आमच्यात बापाला थोरला अग्नी देतो आणि आईला धाकटा. मी थोरला. धाकटा बेंगळूरला. कळल्याबरोबर तो निघाला, पण त्याची रेल्वेगाडी वाटेत मंड्याजवळ सिग्नलला अडकली ती अडकलीच. इकडे सूर्य कलायला लागला, म्हातारी माणसं घाई करायला लागली, शेवटी मी अग्नी दिला. तो आला तेव्हा चिता पेटली होती. "तासाभरात पोचवणारी गाडी असती, तर आईला तिच्या मुलाच्या हातचा अग्नी मिळाला असता," असं म्हणून मी थांबायचो. यावर कुणी काही बोलायचं नाही. वाद मी जिंकलेला असायचा.

यातलं बहुतेक खरं आहे. एक गोष्ट मी सांगत नव्हतो.

चार-साडेचारच्या सुमाराला, स्मशानात मी हातपाय धुवायला नळाकडे निघालो होतो, तेव्हा भावाचा फोन आला. "अण्णा, श्रीरंगपट्टण सुटलं. स्टेशनवरून रिक्षा करतो. अर्धा तास. थांबवून ठेव." मी बरं म्हणालो. परत आलो तर मामांनी विचारलं, "कुठवर आला रे?" मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, आमच्या गल्लीत त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. त्या दिवशी सगळं त्यांच्या शब्दावर चाललं होतं. मी म्हणालो, "मंड्यातच आहे अजून. कधी सुटेल सांगता येत नाही."

मामांनी चामुंडीच्या डोंगरावरच्या उतरत्या उन्हाकडं पाहिलं. "हक्क त्याचा. पण माती किती वेळ ताटकळत ठेवायची? जा, डोक्यावर पाणी घे."

मी पाणी घेतलं. अग्नी दिला.

भाऊ आला तेव्हा त्याच्या चपला हातात होत्या. स्मशानाच्या फाटकातच काढल्या असाव्यात. त्याला काही विचारायला मिळू नये म्हणून मीच पुढं होऊन त्याला धरलं. दोन दिवसांनी त्यानं विचारलंच. मी सांगितलं, "तुझा फोन आला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. रस्त्यात कसं सांगणार, म्हणून बरं म्हटलं." त्यानं मान हलवली. वर मलाच म्हणाला, "तुला किती जड गेलं असेल, अण्णा."

का केलं? चार वर्षं आई अंथरुणाला होती. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं मी आणि बायकोनं केलं. तक्रार नाही. पण तिचं डोकं माझ्या हातावर असायचं आणि ती विचारायची, "धाकट्याची गाडी आली का रे?" तो महिन्यातून एकदा यायचा, मैसूरपाक आणायचा, म्हैसुरात राहणाऱ्या बाईला बेंगळूरचा मैसूरपाक! आणि ती उठून बसायची. माझ्यासाठी ती कधी उठून बसली नाही. स्मशानात फोन कानाला लावून उभा असताना एवढंच मनात आलं, की आता शेवटचं तरी माझ्या हातून होऊ दे. रागही नव्हता. नुसती भूक होती.

त्यानंतर भाऊ आमच्याकडं वर्षातून एकदाच येऊ लागला, आईच्या श्राद्धाला. दिवाळीला नाही, दसऱ्याला नाही. उंबऱ्यात आलं की ऊर भरून येतो, म्हणायचा. तो एक दिवस मला वर्षभर पुरवावा लागायचा. त्या दिवशी तो माझ्या शेजारच्या पाटावर बसायचा. पिंडाला मात्र हात लावायचा नाही. माझ्या हाताला नुसता आपला हात टेकवायचा, भटजी मंत्र म्हणेपर्यंत.

गेल्या वर्षी श्राद्धाची जेवणं झाली आणि सोप्यावर मामांची नात सुपारी कातरत बसली होती. ती बेंगळूरला कंपनीत आहे, शनिवार-रविवार इकडं येते. पेपरात पुन्हा त्या गाडीचं काहीतरी आलं होतं. सर्व्हे होतो, थांबतो, पुन्हा होतो, असं आम्ही ऐकत आलोय.

"तासाभरात बेंगळूर, आजोबा! सकाळी जायचं, संध्याकाळी घरी जेवायला."

"आत्ता आठवड्याला तरी येतेस," मामा म्हणाले. "मग रोज येता येतंय म्हणून कधीच येणार नाहीस. तुझी आत्या येलवालला असते, इथून बसनं अर्धा तास. शेवटची कधी गेलीस?"

"अय्यो, आत्याचं कुठं काढलंत आता!"

"काढतो तर. लांब असतं म्हणून माणूस जात नाही होय? आणि तिकीट कोण काढणार? माझ्याकडं फॉल लावायला येणारी बाई काढणार? वाटेत मंड्याकडं लोकांची नारळाची झाडं जाणार ती वेगळीच."

"मग बैलगाडीनं जाऊ या का? तुम्ही हाका."

"बैलगाडीतला पाहुणा मुक्कामाला तरी राहायचा. तुम्हाला चहा निवेपर्यंत धीर नाही."

सगळे हसले, माझी बायकोसुद्धा. नात माझ्याकडं वळली. "काका, तुम्ही सांगा ना यांना. आजीचं सांगा. सुम्मने बसू नका."

सुम्मने म्हणजे उगीच, गप्प. मी तसाच बसलो. भावासमोर ती गोष्ट मी कधीच सांगितली नव्हती. सांगायचीही नव्हती. पण भिंतीला टेकून बसलेला भाऊच बोलला.

"ती गोष्ट माझी आहे ना? मग मी सांगतो. मामा बरोबर बोलतात. गाडीचा काही दोष नव्हता."

"अरे, मंड्याला अडकली होती ना तुझी गाडी?" मामा म्हणाले.

"अडकली होती. पण अण्णानं आदल्या संध्याकाळीच फोन केला होता, आईचं लक्षण बरं नाही म्हणून. मी म्हटलं, सकाळी बघतो. ऑफिसात कुणीतरी मोठं येणार होतं. कोण येणार होतं, आता आठवतही नाही." तो थोडा हसला. "विमान दिलं असतं तरी निघायचं कुणी? मीच ना? म्हणून मी पिंडाला हात लावत नाही, मामा. आईनं वाट पाहिली आणि मी निघालो नाही. मला हक्क नाही."

सुपारीचा आवाज थांबला. मामांनी आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. मी उठून पाणी प्यायला आत गेलो. माठाजवळ उभा राहिलो, पण पाणी काही घेतलं नाही.

मी समजत होतो, की माझ्या खोट्यानं फार तर त्याचा एक विधी बुडाला. सहा वर्षं तो ते खोटं घेऊन स्वतःला शिक्षा करत होता, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणू? त्याचा हात दर वर्षी माझ्या हाताला टेकत होता. मी विचारलं नाही.

संध्याकाळी त्याला स्कूटरवरून स्टेशनला सोडायला निघालो. सांगितलं तर तो वर्षातला एक दिवसही जाणार, हे मला चांगलं कळत होतं. स्टँडवर स्कूटर लावली. त्यानं पिशवी घेतली, बायकोनं वड्यांचा डबा दिला होता, तो घेतला.

मी म्हणालो, "तुझा फोन आला तेव्हा मी अग्नी दिला नव्हता."

त्याला कळलं नाही. "कुठला फोन?"

"श्रीरंगपट्टणहून केलेला. तेव्हा आई तशीच होती. मी मामांना सांगितलं, तू मंड्यात आहेस."

 एक रिक्षावाला त्याला "सार, येल्लि सार?" कुठं जायचं म्हणून विचारून गेला. मग भावानं विचारलं, "मामांनी थांबू नका म्हटलं होतं?"

"नाही. विचारलं असतं तर थांबले असते."

"आणि तू बरं म्हणालास मला."

"हो."

"मी दारात उभा होतो रे," तो म्हणाला. "गाडीच्या. श्रीरंगपट्टणापासून दारातच उभा होतो, लवकर उतरता यावं म्हणून."

मी का केलं, ते सांगायला लागलो. त्यानं हात वर केला, नको म्हणून. डबा स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि आत गेला. मला वाटलं होतं, बोलल्यावर निदान काहीतरी हलकं होईल, असं लोक म्हणतात. माझं काही हलकं झालं नाही. फक्त आता ते दोघांकडं झालं.

त्यानंतर मी फोन केले. तो उचलतो, प्रकृती विचारतो, ठेवतो. भांडत नाही. भांडला असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो. मामांना मी अजून सांगितलेलं नाही, त्यानंही नाही. कँटीनमध्ये गाडीचा विषय निघाला की मी डबा उचलून मशीनकडं जातो. ती व्हावी की नाही, मला सांगता येत नाही. माझं त्याविषयी कधी मत नव्हतंच.

या वर्षी तिथीच्या आधी आठ दिवस त्याचा मेसेज आला. "यंदापासून आईचं मी इकडे करीन. भटजी मिळाले आहेत. तुम्ही तिकडे नेहमीसारखं करा." बायकोनं वाचला आणि फोन माझ्या हातात परत दिला. तिला सगळं सांगितलंय.

मी भटजींना जाऊन विचारलं, एका आईचं श्राद्ध दोन ठिकाणी झालं तर चालतं का. ते म्हणाले, भाऊ एकत्र असतील तर एकानं करायचं, थोरल्यानं. भाऊ विभक्त झाले असतील तर मात्र ज्याचं त्यानं करायचं, करायलाच पाहिजे. आमच्याकडं वाटणी करण्याजोगं काही नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांनी नवलानं विचारलं, "का हो, तुम्ही वेगळे झालात?"

मी हो म्हणालो.