दगाच्या रजिस्टरमधले उंदीर

लाइनमन दगाचं कौतुक ऐकून बावीस वर्षं माझ्या पोटात दुखतंय. मी मुकुंद, सुरतेच्या टेलिफोन ऑफिसातला डिप्लोमावाला, हातात मीटर. तो गोडादऱ्याच्या खानदेशी वस्तीतला, लूमच्या खडखडाटात वाढलेला, दहावी नापास. पण तांब्याच्या टेलिफोन लाइनवर खरखर आली की तो टेस्टिंगचा फोन कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पानी शे. तिसरा खांबजोडे." मीटर लावून अर्ध्या तासाने मीही त्याच तिसऱ्या खांबापाशी पोचायचो. गुजराती गिऱ्हाइकं ऑफिसात फोन करायची, "दगाकाकाने मोकलजो," दगाकाकालाच पाठवा म्हणून. मला कधी कोणी मागितलं नाही.

त्याचे जोडही टिकायचे. टेप गुंडाळण्याआधी तो तारा सुताने आवळून बांधायचा. सूत भावाच्या लूमवरचं. हे मी चोरून पाहिलं. त्याला विचारायला माझी जीभ रेटेना. बायकोच्या देवघरातली वातींच्या सुताची गुंडी उचलली आणि मीही तसंच बांधू लागलो.

त्याच्याविरुद्ध एकच गोष्ट हाती होती. फॉल्टच्या रजिस्टरात कारण म्हणून तो सारखं 'उंदीर' लिहायचा. सुरतेत उंदीर आहेत, पण इतके? थापा मारतोय, एकदा पकडायचाच, असं मी ठरवलं.

मागच्या महिन्यात तो भाचीच्या लग्नाला अमळनेरला गेला आणि नेमकी कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्याची लाइन बिघडली. मी खुशीत निघालो. मीटरने दाखवलेला जोड उघडला. आत पांढरं सूत ओलंचिंब, तारा हिरव्या पडलेल्या. बांधणी माझी होती. ऑफिसात येऊन रजिस्टर चाळलं. जिथे 'उंदीर' लिहिलं होतं, तिथला प्रत्येक जोड मी केलेला होता.

दगा परत आला तेव्हा मी चिडूनच विचारलं, "दगाभाऊ, मला सांगितलं का नाही?"

"कापूसनं सूत पानी पेस, साहेब. आमनं पॉलिस्टरनं शे," तो म्हणाला. "माले वाटनं, एक दिन तुम्हीच इचारशात."

त्याने चारचौघांत माझी अब्रू काढायला हवी होती. मग त्याचा राग तरी करता आला असता.

"दाखवा," मी म्हटलं. त्याने खिशातून सूत काढलं आणि माझ्यासमोर सावकाश बांधायला घेतलं. मला कळावं म्हणून सावकाश. तरी त्याची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालत होती, आणि तेही मला सहन होत नव्हतं.