स्क्रू गुरुजी

गुरुजींच्या जानव्याला किल्ल्या नव्हत्या, स्क्रूड्रायव्हर होता. बोटाएवढा, टोकाला लोहचुंबक असलेला. सकाळी रामकुंडावर पिंडदान सांगायला बसले की तो कमरेला खोचलेला असे. दुपारी एकनंतर धोतराची जागा पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट घेई आणि स्क्रूड्रायव्हर छातीवर लोंबू लागे. परगावचे यजमान त्याच्याकडे टक लावून बघत, पण विचारायची हिंमत होत नसे. हा नाशिकचाच काहीतरी विधी असेल असं समजून काही जण त्यालाही नमस्कार करून जात.

अख्खी पंचवटी त्यांना स्क्रू गुरुजी म्हणायची. भिक्षुकी घराण्यात होती, संगणकाचा नाद त्यांचा स्वतःचा. मेव्हण्याने भंगारात काढलेला एक संगणक त्यांनी ओसरीवर खोलला, तो सहा महिने खोललेलाच राहिला, आणि मिटला तेव्हा चालू झाला. एवढंच काय ते शिक्षण. पण दोन्ही धंद्यांची सरमिसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही. कुणी बाई बंद पडलेल्या लॅपटॉपपुढे हात जोडून "देवा, फोटो तेवढे वाचव रे" म्हणाली, की गुरुजी म्हणत, "देवाला मध्ये घेऊ नका. तो माझ्याबरोबर सकाळच्या शिफ्टला असतो, आता झोपलेला असेल." बाई दुखावल्या जात आणि फोटो वाचले की विसरून जात.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. एकदा मी समोर बसलेलो असताना कळवणच्या एका कांदा व्यापाऱ्याचा फोन आला. गुरुजींनी तो स्पीकरवर टाकला. "गुरुजी, नवा कोरा हाय, कालच जोडला, पन जीवच नाय त्यात! लय परेशान झालो." गुरुजींनी शांतपणे विचारलं, "भिंतीवरचं बटण चालू आहे का?" पलीकडे खुर्ची सरकली, कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली, मग बटणाचा खटका वाजला. "लागला, लागला लाइट. ऱ्हाऊ द्या गुरुजी, बाकी समदं बरंय." आणि फोन बंद झाला. गुरुजी हसले नाहीत. निम्म्या आजारांवर हेच औषध असतं म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

संगणकाचं सोवळं मात्र ते कडक पाळत. बोर्डाला हात लावण्याआधी नळाच्या लोखंडी तोटीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. ते काम करत असताना टेबलाजवळ कुणी फिरकायचं नाही. एकदा त्यांच्याच चुलतभावाने थट्टा केली, की देवळात सोवळं-ओवळं मानत नाहीस आणि इथे बरं मानतोस. गुरुजी म्हणाले, "तिथं कुणी शिवलं तर देव बाटतो असं तुम्ही म्हणता, देव स्वतः कधी काही बोललेला नाही. इथं शिवलं तर बोर्ड जळतो. वास येतो." चुलतभाऊ आठ दिवस बोलत नव्हता.

मला त्यांची गरज पडली तेव्हा मी चांगलाच अडकलो होतो. कारखान्यातली बारा वर्षांची नोकरी सोडून मी घरूनच डायची ड्रॉइंगं करायचं ठरवलं होतं. डाय म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारा साचा. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सातपूरच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं असले साचे हाताने घडवले. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "हाताला तेल लागत नाही, त्याला काम म्हणत नाहीत." त्यानंतर दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असायचो आणि ते आईला सांगायचे, "त्याला विचार, जेवणार आहे का?" मीही हट्टाने आईलाच उत्तर द्यायचो. ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघायची.

अशा ड्रॉइंगांना दणकट संगणक लागतो. मी सुटे भाग मागवले आणि व्हिडिओ बघून स्वतःच जोडायला घेतले. रॅमची पट्टी तेवढी कुरिअरने एक दिवस उशिरा आली, त्यामुळे तिची खाच रिकामी ठेवून बोर्ड सोमवारचा पूर्ण दिवस टेबलावर उघडाच पडून होता. मंगळवारी पट्टी बसवली, बटण दाबलं. पंखे फिरले, रंगीबेरंगी दिवे लागले, पडदा काळाच राहिला. दीड दिवस मी जे जे सुचेल ते केलं. पट्टी तीनदा काढून घातली, वायरी बदलल्या, पडद्यालाही दोन चापट्या मारल्या. पहिलं काम गुरुवारी संध्याकाळी द्यायचं होतं. ते चुकलं असतं तर दुसरं मिळायची आशा नव्हती, आणि जुन्या साहेबाने माझी जागा एक तारखेपर्यंत रिकामी ठेवली होती. "नाही जमलं तर ये परत," असं तो फार गोड आवाजात म्हणाला होता. मी परत गेलो असतो तर आप्पा एक शब्दही बोलले नसते, आणि तेच मला सहन झालं नसतं. ते शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. पंखे फिरून बंद झाल्याचं त्यांना दर वेळी ऐकू जात होतं. पेपरचं पान काही उलटत नव्हतं.

बुधवारी दुपारी दोनला गुरुजी स्कूटरवरून आले. आमच्या घरची श्राद्धं तेच सांगत, म्हणून आप्पांनी उठून त्या हाफ पँटला रीतसर नमस्कार केला आणि परत पेपरमागे जाऊन बसले. गुरुजींनी भिंतीवरचं बटण पाहिलं, तोटीला हात लावला आणि मला विचारलं, "मशीनची पूजा झाली का?"

"गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

"भाषण नको. झाली का नाही?"

"नाही."

शेजारच्या खोलीत पेपर जरासा वर गेला.

गुरुजींनी एकेक भाग काढायला सुरुवात केली. "जे काढल्यावर चालू होईल, तो चोर," हे पुटपुटणं सुरू होतं. शेवटी रॅमची पट्टी निघाली. त्यांनी मोबाइलचा टॉर्च रिकाम्या खाचेवर धरला, वाकून पाहिलं आणि तसेच थांबले. मग चिमट्याने आतून काहीतरी काढून मुठीत घेतलं. पट्टी परत दाबली, तेव्हा दोन्ही टोकांना टक टक असा आवाज झाला. माझ्या वेळी एकाच टोकाला झाला होता, आणि मला तेवढा पुरेसा वाटला होता. बटण दाबलं. पडदा उजळला. मी टुणकन उडीच मारली.

"पट्टी नीट बसली नव्हती," गुरुजी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "आजकालच्या पोरांच्या बोटांत जोर म्हणून नाही."

खाली स्कूटरपाशी त्यांनी मूठ उघडली. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा होता, दाबून दाबून अर्धा चेचलेला. अक्षता.

"पण पूजा कुणी केली? आई तर सोमवारी दिवसभर वणीला देवीच्या दर्शनाला गेली होती," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग माझं डोकंच फिरलं. दीड महिना बोलायचं नाही, आणि वर माझं मशीन बंद पाडायचं! मी तावातावाने जिन्याकडे वळलो. गुरुजींनी दंड धरला.

"गाढवा, थांब. मुठीने टाकल्या असतील त्यांनी. बाकी सगळ्या वेचून घेतल्या, तुला कळू नये म्हणून. ही एक राहिली. चाळीस वर्षं पूजा केल्याशिवाय या माणसाने एक मशीन चालू होऊ दिलं नाही. तुझं ते डबडं त्यांना मशीन वाटलं. तुला आणखी काय पाहिजे?"

मी जिन्याकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"आणि हे मी तुला सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. लाजेने मरतील ते," असं बजावून गुरुजी गेले.

मी वर गेलो. आप्पा माझ्या टेबलाशी उभे होते. खाली जाण्याआधी मी पडद्यावर ड्रॉइंग उघडून ठेवलं होतं. चष्मा वर करून त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा इतका टोकदार ठेवलास तर पत्रा फाटेल." आई स्वयंपाकघरात होती, म्हणजे हे थेट मलाच होतं. मी कोपरा गोल केला. गुरुवारी चार वाजता काम पोचतं झालं. साहेबाकडे मी पुन्हा गेलो नाही.

गुरुजी मागच्या वर्षी गेले, हृदयविकाराने, दुपारच्या शिफ्टमध्ये. दहाव्याला आप्पा आणि मी रामकुंडावर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. लोक एकेक इच्छा बोलून पाहत होते. कुणी म्हणालं, सगळे संगणक दुरुस्त करून परत देऊ. कावळे दुरूनच बघत होते. आप्पा अस्वस्थ झाले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "नंदू, हे माझ्यामुळे अडलं असेल. तुझं ते पहिलं मशीन मी टाकलेल्या अक्षतेने बंद पडलं होतं. गुरुजींनी मला दुसऱ्या दिवशी गाठून सांगितलं. म्हणाले, पोराला यातलं काही माहीत नाही, कळूही देऊ नका, तो बिचारा स्वतःच्याच बोटांना दोष देतोय. त्याला जरा सांभाळून घ्या."

"मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुम्हाला कळू देऊ नको म्हणाले."

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. चार वर्षं मी त्यांना जपत होतो आणि ते मला. माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवरून त्यांनी नजर फिरवली होती, ती कशासाठी हे मला आत्ता कळत होतं. मी त्यांच्या पुढ्यात एकदाही आवाज चढवला नव्हता, तो का, हे त्यांना.

"भामटा!" आप्पा पिंडाकडे बघत मोठ्याने म्हणाले आणि हसायला लागले. मग मलाही आवरेना. विधी सांगणारे भटजी आमच्याकडे डोळे वटारून बघत होते. आप्पांनी डोळे पुसत पिंडाला हात जोडले. कावळा शिवला की नाही, ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.