सल्लागार म्हणून केलेली सही

माझ्या करारावर 'सल्लागार' असं लिहिलं होतं. मी सल्ला कुणालाच देत नव्हतो. महापेच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत पाइपलाइनची ड्रॉइंग काढायचो, सकाळी साडेआठला कार्ड पंच करायचो, तिथल्याच साहेबांची बोलणी खायचो. पगार मात्र वाशीच्या एका एजन्सीकडून यायचा. कंपनी एजन्सीला पैसे द्यायची, एजन्सी आपला हिस्सा ठेवून उरलेले आम्हाला.

तीन वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका महिन्याचा पगार लांबला. "सोमवारी होतोय, सर," एजन्सीतली बाई फोनवर म्हणायची. असे बरेच सोमवार गेले आणि तिने फोन उचलणंच बंद केलं. माझ्या शेजारच्या टेबलावर जवळच्या शिरवणे गावच्या एक मॅडम बसायच्या. त्यांनी एक दिवस मोबाइल माझ्यापुढे धरला. "एजन्सी दिवाळखोरीत गेली. आता कोर्टानं नेमलेला मानूस सगला कारभार बघनार हाय. आपन दावा भरायचा."

कंपनीच्या एचआरने हात वर केले. "आम्ही एजन्सीचं बिल चुकतं केलंय. तुमचा करार त्यांच्याशी आहे." ते खोटं बोलत नव्हते, त्यामुळे धड भांडताही येईना.

वडिलांना, आबांना, सांगणं जड गेलं. साताऱ्याकडून येऊन त्यांनी जन्मभर वाशीच्या मार्केटात पोती वाहिली होती आणि मला डिप्लोमा करायला लावला होता.

"आमची मजुरी माथाडी बोर्डात जमा व्हायची," ते म्हणाले. "व्यापाऱ्यानं गडबड केली तर बोर्डाला इचारायचो. तुमचं बोर्ड कुठाय?"

"आमचं नाही बोर्ड, आबा."

कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ऑफिसात दावा द्यायला ते हट्टाने माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी माझे कागद चाळले. "तुम्ही कामगारांचा फॉर्म भरलाय. तुम्ही कामगार नाही, सल्लागार आहात. तुमचा फॉर्म वेगळा. कामगारांचा नंबर आधी लागतो, तुमचा बँकांच्याही नंतर."

"बाई, यानं काम केलं का न्हाई?" आबांनी विचारलं.

"केलं असणार, बाबा."

"मग कामगार कसा न्हाई?"

"करारात तसं लिहिलंय."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. आबांनी करारावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. "सही तुझीच हाय नव्हं?"

"हो."

करार न वाचता सही केली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे वाचला होता, आणि तो शब्द मला आवडलाही होता. गावाकडे सांगायला बरा वाटायचा.

पुढे कंपनीने नवी एजन्सी आणली. करार जवळजवळ तोच. शिरवण्याच्या मॅडम मात्र कामगार न्यायालयात जायचं म्हणत होत्या, की आम्ही सल्लागार नव्हतोच. त्यांना सोबत हवी होती. माझ्या खांदेश्वरच्या घराचं भाडं थकलं होतं. न्यायालयाच्या त्या अर्जावर सही करणाऱ्याला नवा करार मिळणार नाही, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनीच मला मोकळं केलं. "माज्या दोन खोल्या भाड्यानं हायत, मना परवडतं. तुमी करा सही तिकडं." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी नव्या करारावर सही केली. त्यांचं टेबल रिकामं झालं.

माझा दावा मंजूर झाल्याचा मेल आला, अगदी पूर्ण रकमेचा. पुढे कितीतरी महिन्यांनी दुसरा आला, की बँकांचं देऊन आमच्या गटासाठी काही उरलेलं नाही. मी आबांना तो वाचून दाखवला. ते "बरं" म्हणाले आणि मेथी निवडत राहिले.

मॅडमची केस अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "साक्षीला याल का? रोज साडेआठला कार्ड मारायचो, एवढंच सांगायचं हाय."

येतो म्हणालो. ऑफिसात रजा अजून मागितलेली नाही.