तिसऱ्या गाण्यातली शिंक

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, बहुतेक. काही मी स्वतः पाहिलं, काही हनीफचाचाने सांगितलं, आणि चाचा नमाज सोडून कशातच फारसा पक्का नव्हता. आपण असं करू. ऐकताना चेहरा सरळ ठेवलास तर चहा माझ्याकडून. हसलास तर तुझ्याकडून.

चाचा श्रीवर्धनचा. नव्वदच्या दशकात ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात त्याचं कॅसेटचं दुकान. मी पेणचा, एसी रिपेअरवाला, ड्युटी सुटली की तिथेच पडीक. त्या दुकानात धूळ आणि किस्से सारखेच साचायचे. धूळ निदान ईदला तरी झटकली जायची.

*

एकदा एक टॅक्सीवाला आला. ओमानीच, पण लहानपण झांझिबारला गेलेलं. त्याच्याकडे जमैकाच्या एका रेगे गायकाची कॅसेट होती. गायक पुढे जगभर गाजला, पण ही त्याची अगदी पहिली रेकॉर्डिंग्ज, कोणी ओळखत नव्हतं तेव्हाची. आवाज कोवळा, ढोल ओबडधोबड. टॅक्सीवाल्याला कॉपी पाहिजे होती, ती पण उभ्या उभ्या.

चाचाचं कॉपी काढायचं डबल डेक बिघडलेलं. मग त्याने दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले. एक गाणार, दुसरा ऐकणार. पंखा बंद, सगळ्यांना चूप बसवलं.

दोन गाणी झकास. तिसऱ्याला शेजारच्या अत्तरवाल्याने संध्याकाळचा लोबान पेटवला. लोबान म्हणजे ओमानची शान आणि चाचाच्या नाकाचा जानी दुश्मन. गायक एक लांब सूर लावून थांबला, आणि त्या गॅपमध्ये चाचा शिंकला. नाजूक नाही. होडीवरून किनाऱ्याला हाक मारावी तशी.

त्या कॉपीवरून चाचाने स्वतःसाठी दुसरी काढली, तीच शिंक तिच्यातही गेली. टॅक्सीवाला ओरिजिनल आणि आपली कॉपी घेऊन निघून गेला. चाचा म्हणाला, "जाऊ दे रे, तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकतो कोण?"

*

जोगळेकर ऐकायचे. पुण्याचे, मस्कतला अकाउंट्समध्ये, गाण्यातले दर्दी. दर शुक्रवारी गाडी काढून रुस्ताकला यायचे. त्यांनी चाचाच्या कॅसेटची एक कॉपी नेली आणि पुढच्या शुक्रवारी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, रेगेची सगळी मजा ठोक्यात नाही, दोन ठोक्यांच्या मधे आहे, आणि ही शिंक बरोब्बर मधे पडते. नंतरच्या रेकॉर्डमध्ये या माणसाची ही हिंमत राहिली नाही.

मी म्हणालो, "काका, जमैकात म्हणे मुलांना लहानपणापासून शिकवतात."

"शिकवून येत नाही हे," जोगळेकर म्हणाले. "रक्तात असावं लागतं."

चाचा आत जाऊन बराच वेळ खोके लावत होता.

मग जोगळेकरांनी घरी चार लोकांना बोलावून ते गाणं लावलं. शिंक आली. त्यांची सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, सिंगर अंकलला कोल्ड झाला."

"नाही बेटा, त्याला आर्ट म्हणतात."

*

दुकानाचं लायसन्स अर्बाबच्या नावावर. अर्बाब म्हणजे मालक, भला माणूस, पांढरी दाढी. तो एकदा सहज आला, गाणं चालू होतं, उभाच राहिला. कॅसेट खिशात टाकली. त्यानंतर पाच वर्षं त्याच्या पिकअपमध्ये दुसरं काही वाजलं नाही.

मी विचारलं, नंतरची एवढी भारी गाणी आहेत, हेच का?

तो म्हणाला, "बाकी टेपमध्ये स्टुडिओ आहे. यात माणूस आहे."

चाचाने मान खाली घातली. मी एसीचा फिल्टर तपासायला लागलो. तो एसी माझ्याकडे रिपेअरलाच नव्हता.

अर्बाब ऐकतो म्हटल्यावर अख्खं रुस्ताक ऐकायला लागलं. चाचाने नवीन डबल डेक घेऊन जोगळेकरांच्या कॅसेटवरून कॉप्या काढल्या, आता एकदम क्लीन, शिंकेसकट. एकाने दुबईहून कंपनीची सीलबंद कॅसेट आणली आणि दुसऱ्या दिवशी रागाने चाचाच्या काउंटरवर आपटली. डुप्लिकेट निघाली म्हणे. शिंकच नाही.

*

मग दोन हजारचं दशक आलं. सीडी आल्या, मोबाईल आले. अर्बाबने निरोप धाडला, कॅसेट खलास, तिथे मोबाईलचं दुकान टाकायचं. चाचाचा व्हिसा त्याच लायसन्सवर. दुकान गेलं की श्रीवर्धनचं तिकीट, आणि घरी दोन पोरी कॉलेजात.

जोगळेकर म्हणाले, थांबा, अर्बाबचं मन वळवू. त्यांनी लंडनहून त्याच जुन्या रेकॉर्डिंगची सीडी मागवली, साफसूफ केलेली, चकचकीत डब्यात. ती भेट घेऊन आम्ही तिघं अर्बाबच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत गेलो. कहवा झाला, खजूर झाले. सीडी लागली.

पहिलं गाणं, अर्बाब खूश. दुसरं, डोळे मिटले. तिसऱ्यात तो सूर आला, गॅप आली, आणि गॅपमध्ये काहीच नाही. अर्बाबने डोळे उघडले. म्हणाला, "याला धुऊन मारून टाकलं."

जोगळेकरांचा चेहरा पडला. आत्ता कुठे त्यांना शंका यायला लागली होती. चाचा उठायला लागला. अर्बाबने विषय संपवायला नोकराला खूण केली. तिथली रीतच आहे, पाहुण्यांना शेवटी लोबानाचा धूर द्यायचा, की पाहुण्यांनी समजायचं, यल्ला, निघा.

पण धूर येईपर्यंत अर्बाबने मन मानेना म्हणून तेच गाणं परत लावलं.

धुपाटणं माझ्याकडून जोगळेकरांकडे, जोगळेकरांकडून चाचाकडे. चाचाने श्वास धरला. नाक दाबलं. डोळ्यांत पाणी. सूर लागला, सूर थांबला.

चाचा शिंकला.

अर्बाबने सीडी प्लेअरकडे पाहिलं. मग चाचाकडे पाहिलं. मग परत प्लेअरकडे. चाचा म्हणाला, "अर्बाब, माफी..."

अर्बाबने हात वर करून त्याला गप्प केलं. रिमोट उचलला, तिसरं गाणं पहिल्यापासून लावलं, डोळे मिटले आणि नोकराला म्हणाला, "कोळसा विझला वाटतं. नवीन आण."

चाचा अजून रुस्ताकलाच आहे. मोबाईल विकतो. गुरुवारी दुकान लवकर बंद, संध्याकाळी अर्बाबकडे लोबान असतो.

काय झालं? खोकला नाही तो, मी बघतोय. दोन चहा आणि तू खाल्लेला पराठा. काढ.