शेऱ्याचा रकाना

पाण्याची मीटरं वाचणं हे खाली मान घालून करायचं काम. फाटकाशी वाकायचं, लोखंडी झाकण उचलायचं, काचेवरची ओल फडक्यानं पुसायची, आकडा वहीत उतरवायचा आणि पुढच्या घरी. दिवसाला साठ घरं. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सव्वीस वर्षं ते सगळ्यांचे ‘मीटरवाले’ होते. फक्त मान खाली असली तरी डोळे जागेवर नसत.

वहीत चार रकाने होते. पत्ता, मागचा आकडा, आजचा आकडा आणि शेवटी बोटभर रुंदीचा शेरा. बाकीचे लोक तिथं ‘ठीक’, ‘बंद’ नाहीतर ‘कुलूप’ लिहून मोकळे होत. मीटरवालेही सुरुवातीला तसेच करत. मग एका घरी आकडा तीन महिने तसूभरही हलला नाही. ‘बंद’ लिहावं तर मीटर बदलायला माणसं येणार, आणि मीटर तर धडधाकट. म्हणून त्यांनी लिहिलं, ‘मीटर चालू आहे. घरातली दोघं मुलीकडे गेली आहेत. व्हरांड्यातल्या खुर्चीवर चष्मा राहिलाय.’ चष्म्याचं लिहायची काही गरज नव्हती. पण तो दिसला होता, आणि लिहिल्यावर दिवसभर अंग हलकं वाटत राहिलं.

तिथून सवयच लागली. ‘जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे. वर गेलेले आहेत, खाली आलेले नाहीत.’ ‘बाई नळाखाली हात धरून उभ्या. पाणी इथं, त्या कुठंतरी लांब.’ जागा पुरावी म्हणून अक्षर मुंगीएवढं झालं. दुपारी गल्ल्या पेंगत असायच्या. झाकण उचललं की खालून गार वास यायचा आणि काचेखाली काटा सावकाश फिरताना दिसायचा. म्हणजे आत कुणीतरी भांडी विसळतंय, कुणी केस धुतंय. भिंतीपलीकडचं माणूस दिसत नसे, पण त्याच्या हातून सुटलेलं पाणी मीटरवाल्यांच्या डोळ्यांसमोर गोल गोल फिरत असे. मग पुढच्या घरापर्यंत ते झोपेत चालल्यासारखे जात.

नवे साहेब आले आणि त्यांनी ती वही चाळली.

“ही काय कादंबरी लिहिताय? उद्यापासून शेऱ्यात नुसता क्रमांक. एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे कुलूप.”

साहेबांचं काही चुकत नव्हतं. मीटरवाल्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून एक, एक, एक, तीन, एक असं लिहायला लागले. काम लवकर उरकायला लागलं. आठ महिन्यांनी एकदा बायकोनं परातीत भाकरी थापावी तितक्या सहजपणे नेहमीचा प्रश्न विचारला, “अहो, आज काय काय पाहिलंत?”

मीटरवाल्यांनी आठवून पाहिलं. “घरं,” ते म्हणाले.

“घरं तर रोजच असतात,” बायको म्हणाली.

त्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या एक बाई जिना उतरून त्यांच्याकडे आल्या. पस्तिशीच्या असतील.

“काका, तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या वहीतले आकडे संगणकात मी भरते. अकरा वर्षं झाली.”

“काही चुकलं का, ताई?”

“चुकलं असं नाही. घड्याळवाल्या आजोबांचं काय झालं?”

“कुठले आजोबा?”

“गिरणीमागच्या गल्लीतले हो. एकटे राहतात, दुपारी नळ बारीक सोडून ठेवतात. तुम्ही कारण विचारलंत तर म्हणाले, घरात कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं. तेव्हापासून दर महिन्याला मी आधी त्यांचंच पान उघडायची. आता नुसता ‘एक’. आणि वापर तर निम्म्याहून खाली आलाय. एक म्हणजे काय, काका?”

मीटरवाल्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“आईला वाचून दाखवायचे मी तुमचे शेरे. ती म्हणायची, तुमच्या ऑफिसात एक लेखक आहे बघ.”

यावर मात्र मीटरवाले हसले. “लेखक आमचे मेहुणे. ते लिहायला बसले की बहीण कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही. सोळा वर्षं झाली, पहिलं वाक्य अजून त्यांच्या पसंतीस उतरत नाहीये.”

पण त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतला आणि पानभर लिहिलं. घड्याळवाल्यांचा मुलगा परत आला, घरात बोलणी सुरू झाली, नळाची गरज उरली नाही. लिहिता लिहिता त्यांचेच डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद बाईंना दिला. बाईंनी उभ्यानंच वाचला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. मग कागद परत करत, “पण तुम्ही गेला नव्हतात ना?”

“कसं ओळखलंत?”

“यात कुणाच्या शर्टाचं बटण तुटलेलं नाही. सगळे नुसते हसताहेत.”

मीटरवाल्यांचे कान तापले. पकडलं गेल्याचं तेवढं नव्हतं. आठ महिने आपण त्या फाटकाशी वाकलो, वापर उतरताना डोळ्यांनी पाहिला आणि ‘एक’ लिहून निघून आलो, हे मनाला लागलं. त्यांनी कागद फाडून खिशात कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या गल्लीची पाळी नसताना, ते तिथं गेले. दार उघडंच होतं. भिंतीवर घड्याळं टिकटिकत होती. आजोबा दाराकडे पाठ करून, डोळ्याला भिंग लावून, ब्रशनं एक चाक साफ करत होते. मीटरवाल्यांनी दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा मारली. शेवटी ते समोर जाऊन उभे राहिले.

“अरे, मीटरवाले! आज कुठं तुमची तारीख?”

“नळ बंद ठेवता हल्ली?”

आजोबांनी मान हलवून कानाकडे बोट दाखवलं. मीटरवाल्यांनी नळाकडे बोट करून तो बंद केल्याची खूण केली, तेव्हा प्रश्न त्यांच्या लक्षात आला. यंत्राचा कुठला भाग झिजलाय ते सांगावं, तशा आवाजात ते म्हणाले, “आधी मनगटी घड्याळं गेली. मग भिंतीवरची. मग नळ. ऐकूच येत नाही तर पाणी कशाला वाया घालवा?”

मीटरवाल्यांनी वही काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बसू का थोडा वेळ?’

“बसा की. आणि एक सांगा, बाहेर आत्ता काय काय वाजतंय?”

मीटरवाल्यांनी लिहिलं, ‘सायकलची घंटा.’

“कुठली? दहा सायकली असतात या गल्लीत.”

ते खिडकीपाशी गेले, डोळे मिटून ऐकत राहिले आणि परत येऊन त्यांनी लिहिलं, ‘जुनी. आधी अडकते, मग एकदम दोनदा वाजते.’

आजोबा खुशीत आले. “हां! पोस्टमन!”

तेव्हापासून मीटरवाले दर शनिवारी दुपारी तिथं जातात. ऑफिसच्या वहीत साहेबांच्या हुकमाप्रमाणे ‘एक’ लिहितात, आणि शनिवारची वेगळी वही सोमवारी वरच्या मजल्यावर जाते. मेहुण्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, “पण यात विषय काय?”

त्या पहिल्या दुपारी मात्र ते अंधारून येईपर्यंत बसले होते. ओले कपडे झटकल्याचा आवाज, लांबून येणारी गिरणीची घरघर, कुणाचा तरी न आवरणारा खोकला, असं एकेक कागदावर उतरत गेलं आणि आजोबा भिंगातून एकेक ओळ वाचत गेले. शेजारच्या घरात एक बाई गुणगुणत होती, ती मध्येच थांबली. ते थांबणं कसं लिहावं हे मीटरवाल्यांना बराच वेळ सुचेना. आजोबांना काही घाई नव्हती.