बरणीच्या मापाची टोपी

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखनाशी माझी ओळख चौथीपर्यंतच होती. वाचणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ आपल्या पदरचे घालून घ्यावेत. (वाचणारं कुणी नाही. पण माफी मागून ठेवलेली बरी.)

तर, आमच्या घरात झाकण नसलेली वस्तू एकच होती. ती म्हणजे आक्कांचं डोकं.

हे जरा नीट सांगते. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते. पाहुणे आले की मी क्रोशाची सुई आणि दोरा घेऊन कोपऱ्यात बसते, आणि पाहुणे उठेपर्यंत कशाचं तरी झाकण तयार होतं. आमच्याकडे पाहुणे फार! त्यामुळे टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, माठाला मण्यांची झालर लावलेलं झाकण, रिमोटला तर झबलंच. आमचे हे एकदा म्हणाले, "दुपारी मी जरा जास्त झोपलो तर ही मला पण एक घालंल."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तेव्हापासून त्या आमच्यातच. मी करकंबहून लग्न करून आले तेव्हा सोलापुरात रस्ता ओलांडायला भ्यायची. आक्का माझा हात धरून ओलांडायच्या. भाजीवालीशी भाव त्या करायच्या, रिक्षावाल्याशी भांडण त्या करायच्या, मी मागे पिशवी धरून उभी. माझ्या वाटणीचं सगळं बोलणं आयुष्यभर आक्काच बोलत आल्या.

त्यांना तो आजार निघाला. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही, 'तो आजार' एवढंच म्हणतो, जसं काही नाव घेतलं की तो अजून एक खुर्ची मागेल. दवाखान्यात औषध चढवायला लागले आणि आक्कांचे केस गेले.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "तेल वाचलं, फणी वाचली, आन उवांची कटकट मिटली."

"तुमाला उवा कुटं होत्या आक्का?"

"झाल्या असत्या की!"

आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बादली भरत बसल्या. बादली कधीच भरून वाहत होती. मी बाहेर उभी राहून ऐकत होते.

दवाखान्यातली गंमत अशी की बाहेर सोलापूरचं ऊन, डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत एसी असा की दात वाजावेत. आणि केस नसले की थंडी आधी डोक्याला कळते. तिथे एक पेटी होती. कुठल्या कुठल्या बाया लोकरीच्या टोप्या विणून त्या पेटीत टाकून जायच्या. ज्याला लागेल त्यानं घ्यावी. आक्कांनी एक घेतली होती, पण शेजारच्या खाटेवरची पोरगी कुडकुडताना बघून तिला देऊन आल्या.

"शालन, एक टोपी विण."

"तुमाला?"

"मला न्हाय. पेटीत टाकायला. मी एक घेतली, मला एक टाकली पायजे. माझ्या हातानं टाकणार. कुणाचं ठिऊन जायचं न्हाय मला."

कुठे जायचंय, असं मी विचारलं नाही. मी विचारलं, "रंग कंचा?"

"डाळिंबी. आन गुळगुळीत नको बाई. डोस्क्यावर हात फिरवला की नुसता घसरतो. हाताला कायतरी लागलं पायजे."

म्हणून डाळिंबाच्या दाण्यांची वीण ठरली. एकाच घरात खांबांचा, म्हणजे उंच टाक्यांचा, झुपका घालून सगळे एकदम ओढून घेतले की टपोरा दाणा फुगतो. आक्कांनी बटव्यातून दोनशे रुपये काढले.

"लोकरीला. उसने हायत बरं का! फेडले न्हाईस तर अर्धं पुण्य माझं."

"फेडणार की."

"म्हंजे सगळं पुण्य तू एकटीच घेणार व्हय? दिसती गरीब गाय, पण लई आतल्या गाठीची!"

मी नव्या पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, मे महिन्यात लोकर? काकांची बदली काश्मीरला झाली का?" दुकानात बाया उभ्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खरं काय ते सांगायचं तर ते नाव घ्यावं लागणार, आणि ते काही तोंडातून निघेना. मी म्हणाले, "बरणीला झाकण करायचंय."

"लोकरीचं? लोणच्याला थंडी वाजती का?"

बाया हसल्या. मीही हसले. (आणि लोकर घेऊन पैसे न देताच निघाले. त्यानं रस्त्यापर्यंत येऊन हाका मारल्या.)

घरी सून म्हणाली, "आई, नवीन काय विणताय?" आता रूपाली घरचीच, तिला सांगायला काय हरकत होती? पण एकदा खोटं बोललं की दुसऱ्या वेळी तेच सोपं जातं. "बरणीचं झाकण," मी म्हणाले.

आता टोपीला माप लागतं. पेटीतली टोपी कुणाच्या का डोक्याला जाईना, माप घ्यायला एक डोकं तर हवं. आक्का म्हणाल्या, "माझं घे की!" पण त्या उघड्या डोक्याला दोरा लावायचा धीर मला होईना. मग घरभर डोकं शोधत हिंडले. तांब्या लहान पडला, पातेलं मोठं झालं. लोणच्याची चिनीमातीची बरणी तेवढी वरून गोल, खाली भरलेली, आणि आतून झणझणीत. हुबेहूब आक्का! त्या बरणीवर घालून घालून टोपी विणली. पुरी झाल्यावर बरणीवर अशी घट्ट बसली की बरणीच दवाखान्यात निघाल्यासारखी दिसायला लागली. आकार धरावा म्हणून मी ती तिथेच राहू दिली.

इथे माझ्या धाकट्या नणंदबाई येतात. लता वन्सं, टेंभुर्णीला दिलेल्या. आक्कांना बघायला आल्या, राहिल्या, आणि निघायच्या दिवशी मी आक्कांना आंघोळ घालत असताना गेल्याही. मी बाहेर येऊन बघते तर फळीवर बरणी नाही.

"रूपाली, बरणी कुटाय?"

"लताआत्यांना दिली की. त्यांचं लोणचं संपलंय म्हणाल्या. आणि आई, तुमचं नवीन झाकण पण तसंच राहू दिलं! लई खूश झाल्या!"

तिला काय बोलणार? तिनं झाकणच दिलं होतं. टोपी होती हे फक्त मला आणि आक्कांना माहीत!

आक्कांनी फोन माझ्या कानाला लावला. "माग परत. सोमवारी दवाखान्यात जायचंय मला."

"वन्सं," मी म्हणाले, "ते बरणीवरचं..."

"अगं वहिनी, काय सांगू!" वन्सं ओरडल्या. "आमच्या मामंजींनी बघितलं आन उचलून डोस्क्यावरच घातलं! म्हणत्यात, लग्नात तुमच्या माहेरच्यांनी टॉवेल-टोपीचा मान केला न्हवता, ती टोपी आता पोचली. सगळ्या गल्लीला दाखवून आले!"

झालं! आमच्या लोकांत व्याह्याला टॉवेल-टोपी देणं म्हणजे केवढा मान. वन्संच्या लग्नात गडबडीत तो राहून गेला होता, आणि तात्या, म्हणजे वन्संचे सासरे, ते इतकी वर्षं मनात धरून बसले होते. मानाची टोपी डोक्यावरून परत कशी मागायची? काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "टॉवेल राह्यला. पाठवते."

आक्कांनी फोन काढून घेतला. "तू टोपी मागायला फोन केलतास का टॉवेल द्यायला?"

"मी जाऊन आणते आक्का."

"तू एकटी गेलीस तर धोतरजोडी पण देऊन येशील. मी येते."

हे नको म्हणाले, रूपाली नको म्हणाली. पण आक्कांना नको म्हणून ऐकवलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात नाही. पदर डोक्यावरून घट्ट घेऊन त्या एसटीत खिडकीशी बसल्या, मांडीवर टॉवेल. (टॉवेल चांगला घेतला होता. सोलापूरची अब्रू होती.)

टेंभुर्णीत तात्या भर दुपारी ओसरीवर बसले होते, धोतर, बंडी आणि वर डाळिंबी लोकरीची टोपी. घामाच्या धारा लागलेल्या, पण मान ताठ. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला. "उशिरा आलं, पण आलं! बसा, बसा."

आम्ही बसलो. चहा झाला. आक्का माझ्याकडे बघतात, मी जमिनीकडे बघते. दुसरा चहा झाला. शेवटी आक्कांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला.

लता वन्संनी पदर तोंडात कोंबला.

"तात्या, ही टोपी दवाखान्यातल्या मान्सांसाठी विणलीय," आक्का म्हणाल्या. "आमच्या शालनला सांगायला लाज वाटली. ती लग्न होऊन आली तवापासनं तशीच हाय."

तात्यांनी टोपी काढली. खाली त्यांचंही तसंच चकचकीत. ते उठले आणि त्यांनी ती टोपी आपल्या हातानं आक्कांना घातली.

"घाल पोरी. आमचा मान पोचला. टावेल हाय की." आणि त्यांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला.

आक्कांनी नाक वर केलं. "लोणच्याचा वास येतोय."

"यील न्हाय तर काय! लोणचं डोस्क्यावर घिऊन हिंडतूय, दोन भाकरी जास्त जायाल्यात मला."

एसटीत आक्का माझ्या खांद्यावर मान टाकून झोपल्या. झोपेतही त्यांचा हात टोपीच्या दाण्यांवरून फिरत होता. हिंगाचा आणि तेलाचा वास सारखा नाकात. माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं आणि डोळ्यालाही.

ती टोपी आक्कांनी पुन्हा काढलीच नाही. "ही वासाची. पेटीत टाकायजोगी न्हाय, ही माझी. उरलेल्या लोकरीची दुसरी विण, आन या खेपेला माप माझं घे." मी घेतलं. दोरा लावला तर डोकं बरणीपेक्षा कितीतरी लहान निघालं. एवढी वर्षं मला ते केवढं मोठं वाटत होतं!

दुसऱ्या टोपीची किनार राहिली होती तेव्हा आक्का गेल्या. वासाची टोपी मी काढू दिली नाही. ती त्यांच्याबरोबर गेली.

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी गेलो. पिंड ठेवला. शेजारच्या पानावर आक्कांच्या आवडीचं सगळं वाढलं, वन्संनी मुद्दाम परत आणलेल्या बरणीतलं लोणचंही. कावळा बाभळीवर येऊन बसला, आणि बसूनच राहिला.

"आई, घराचे हप्ते वेळेवर भरीन," आक्कांचा मुलगा म्हणाला. कावळा हलला नाही.

"वहिनी, पोराकडं ध्यान ठेवतो आमी," आमचे हे म्हणाले. कावळ्यानं पंख खाजवला.

ऊन चढलं. भटजींनी घड्याळ बघितलं. आता दर्भाचा कावळा करावा, असं बोलणं निघालं. कशासाठी अडलंय ते मला कळत होतं. पण एवढ्या माणसांत, पुरुषांत, मी बोलायचं? माझ्या वाटणीचं बोलणारी तर त्या पिंडापलीकडे गेली होती.

मी पुढे झाले. "आक्का, टोपी पुरी झाली. पेटीत टाकते. तुमच्या हातानं न्हाय जमलं, माझ्या हातानं टाकते."

कावळ्यानं मान वाकडी केली.

"आन लोकरीचे दोनशे पण देते!"

कावळा खाली आला. पिंडाला नुसती चोच लावली आणि लोणच्याची मोठ्यात मोठी फोड उचलून बाभळीवर गेला.

"शिवला!" भटजी म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. वन्सं रडता रडता हसायला लागल्या. आणि आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कसले दोनशे?"

सोमवारी मी एकटी दवाखान्यात गेले. रस्ता एकटीनं ओलांडला. पेटीत टोपी टाकली. सिस्टरनं विचारलं, "मावशी, कुणाच्या नावानं?" मी मोठ्यानं म्हणाले, "माझ्या जाऊबाईंच्या. त्यांना कॅन्सर झाला होता." इतक्या मोठ्यानं की लांबच्या खाटांवरच्या बायांनी वळून बघितलं. त्यांतल्या एकीनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

पैसे आक्कांच्या मुलाला द्यायला गेले तर तो घेईना. "काकू, दोनशे रुपये काय घेऊ तुमच्याकडून?"

"घे बाबा. न्हायतर तुझी आई परत बाभळीवर येऊन बसंल."

त्यानं घेतले. पैसे पुरते फिटले. आक्कांच्या हिशोबानं आता सगळं पुण्य माझ्या एकटीचं. पण एवढं पुण्य घरात उघडं कसं ठेवायचं? बघते. एखादं झाकण विणते.